हिवाळ्याचा छाप

चेंग रुइलान पंचवीस वर्षं शांघायच्या एका थर्मासच्या कारखान्यात तपासनीस होती. काचेतला केसाएवढा तडाही तिच्या नजरेतून सुटत नसे. त्यामुळे निवृत्तीनंतर जुन्या टपाल तिकिटांच्या वर्गात नाव घातलं तेव्हा तिला वाटलं, हा तर आपल्या हातचा मळ. महिन्याभरात सगळा तोरा उतरला.

गु मास्तर शिकवायचेच तसं. एकोणीसशे एकोणपन्नासच्या सुमाराला महागाई अशी भडकली होती की टपालखात्याला नवी तिकिटं काढायलाही उसंत मिळेना. मग जुन्याच तिकिटांवर काळ्या शाईत नवी किंमत छापून ती विकली. काम बऱ्याच छापखान्यांना वाटून दिलेलं, कुणाला हिवाळ्यात, कुणाला वसंतात. कुणाची अक्षरं जाड, कुणाच्या दोन ओळींतलं अंतर जास्त. तिकिटावरचा चेहरा मात्र सगळीकडे तोच.

"चेहरा काय बघताय?" मास्तर ओरडायचे. "तुम्हाला काय त्याच्याशी लग्न करायचंय? वरचा छाप बघा!"

त्या आठवड्यात प्रत्येकानं घरून एक तिकीट आणून ओळखायचं होतं. रुइलाननं आईला विचारलं. आई शहात्तर वर्षांची. तिनं कपाटातून एक पाकीट काढून दिलं. आजी त्यात कापडी बुटांचे कागदी नमुने ठेवायची, म्हणून ते टिकलं. आतलं पत्र कधीच गेलं होतं. शिक्क्यात 'शांघाय' वाचता येत होतं, तारखेवर नुसता डाग.

"तुझ्या आजोबांचं शेवटचं पत्र," आई म्हणाली. "हे टाकलं आणि नववर्षाला घरी यायला बोटीत बसले. मास्तरांना दाखव, खूश होतील."

ती बोट त्यांच्या गावी, निंगबोला, पोचलीच नाही. आई तेव्हा सहा वर्षांची होती. प्रेतही मिळालं नाही. दर वर्षी चिनी पंचांगातल्या बाराव्या महिन्याच्या चोवीसला, बोट बुडाली त्या दिवशी, आई वडिलांसाठी टेबल मांडायची, भात आणि गरम दारू ठेवायची, त्यांना परलोकात खर्चायला म्हणून चंदेरी कागदाच्या लगडी जाळायची. यंदा तर आजीच्या थडग्याच्या दगडावर त्यांचंही नाव कोरायचं ठरलं होतं, मृत्यूच्या तारखेसकट. दगडवाल्याला मजकूर रविवारच्या आत हवा होता.

वर्गात रुइलाननं भिंग धरलं, पट्टी लावली आणि वहीत लिहिलं: ओळींतलं अंतर साडेचार मिलिमीटर, हिवाळ्यातला छापखाना.

मास्तरांनी स्वतःची पट्टी लावली. "बाई, कुठून मोजलंत?"

"अक्षराच्या पायापासून."

"पाया हा, वर. खाली आहे तो शाईचा ओघळ. थर्मास तपासायचात ना तुम्ही? बरं झालं, मी कधी घेतला नाही तुमच्याकडचा!" सगळे हसले. "अंतर पाच आहे. हा वसंतातला छाप. एप्रिलातल्या छिंगमिंग सणाच्या आधी यातलं एकही तिकीट बाहेर पडलेलं नाही."

"शक्यच नाही, मास्तर."

"का नाही?"

"हे चिकटवणारा माणूस त्याच्या दोन महिने आधी बुडाला."

हसू थांबलं. मास्तरांनी पुन्हा भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं आणि पाकीट तिच्यासमोर सरकवलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "तुम्ही नवीन आहात. नवशिक्यांच्या चुका होतातच. वहीत हिवाळा लिहिलाय ना, राहू दे. मी खोडत नाही."

बिचाऱ्या मास्तरांना तेवढंच करता येण्यासारखं होतं. पण बसमध्ये बसल्यावर रुइलानला स्वतःचीच लाज वाटली. ओघळ तिला दिसला होता. घरात सांगितलेल्या गोष्टीशी हिवाळा जुळत होता, म्हणून तिनं त्याच्याकडे काणाडोळा केला होता. आणि आजी? पाकीट तर आजीच्याच हातात आलं असणार, वसंतात, बोट बुडाल्यानंतर. सोडून गेलेल्या नवऱ्याबद्दल गल्ली हसली असती. बुडालेल्यासाठी गल्ली रडली. आजीनं मुलीला बुडालेला बाप दिला. तिला दोष द्यायला रुइलानचं मन धजेना.

घरी आई चंदेरी कागदाच्या घड्या घालत बसली होती.

"काय म्हणाले मास्तर?"

"आई, आजोबा त्या बोटीत नव्हते." आणि रुइलाननं छाप, ओघळ, वसंत, सगळं सांगून टाकलं.

आईचे हात थांबले. "म्हणजे टाकून गेले आम्हाला."

"तसंच दिसतंय."

"आणि माझ्या आईला ठाऊक होतं."

रुइलाननं मान डोलावली. आईनं हातातला कागद बाजूला ठेवला. आपली जीभ झडली असती तर बरं झालं असतं, असं रुइलानला वाटलं.

"लान," आई म्हणाली, "मग ते पाण्यात नव्हते?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. मास्तरांनी दोनदा पाहिलं."

"थंडी पडली, अंगावर रजई घेतली, की माझ्या मनात तेच यायचं. ते पाणी किती गार असेल. सत्तर वर्षं. तुलाही कधी बोलले नाही." आणि आई रडायला लागली, लहान मुलीसारखी, हुंदके देऊन. रुइलाननं तिला जवळ घेतलं, आणि तिलाही रडू आवरेना.

बऱ्याच वेळानं आईनं नाक पुसलं. "दगडवाल्याला सांग, नाव कोर म्हणावं. तारीख नको."

"सांगते."

"म्हातारे झाले असतील गं कुठेतरी," आई म्हणाली. "माझ्यासारखे दातसुद्धा पडले असतील."