क्लॅश

खापर गावच्या बाजारात कुणाला इंग्रजी मेसेज आला की तो पारसकडे यायचा. सुरतेला कॉलेज केलेला पारस कापडाच्या दुकानात बसल्याबसल्या मोबाइलवर नजर टाकायचा आणि अर्थ सांगून मोकळा व्हायचा. अडलं तरी विचारायची सवय त्याला नव्हती.

त्या शुक्रवारी मेसेज त्यालाच आला. शेजारच्या हारुनचाचांची मुलगी अतिका शाळेत शिकवायची. तिने इंग्रजीत लिहिलं होतं, की रविवारी सकाळी चौकात तुमचा वरघोडा आणि आमच्या तौहिदची वरात यांचा क्लॅश होईल, शेठजींच्या कानावर घाल. वरघोडा म्हणजे पारसच्या आजीने, जडावबाईंनी केलेल्या उपवासांच्या तपाची मिरवणूक. पारसने वडिलांना सांगितलं, "हाणामारी होईल म्हणतात." अतिकाला एक फोन करावा असं त्याच्या मनात आलं, पण केला नाही. वडील, गौतमचंदशेठ, तडक पोलिसांकडे गेले.

शनिवारी तौहिदच्या मित्रांना चौकीत बोलावून दटावण्यात आलं. रविवारी हारुनचाचांच्या दारात पोलिसांची गाडी लागली. बँड परत गेला, नवरदेव, अतिकाचा भाऊ तौहिद, मागच्या गल्लीतून निघाला. वरघोडा मात्र वाजतगाजत चौकातून गेला. ओट्यावरून हारुनचाचांनी जडावबाईंना हात जोडले.

दुपारी अतिका दुकानात आली.

"पारस, एकाच वेळी दोन पेपर आले तर आपण कॉलेजात काय म्हणायचो?"

"क्लॅश," तो म्हणाला, आणि त्याने शुक्रवारचा मेसेज पुन्हा उघडला.

"तुमचा वरघोडा जाईपर्यंत आम्ही अर्धा तास थांबणार होतो," एवढंच बोलून ती गेली.

झालं ते झालं, आता वाच्यता नको, असं गौतमचंदशेठांचं म्हणणं पडलं. पारसने ऐकलं नाही. संध्याकाळी समाजाच्या जेवणावळीत उभं राहून त्याने सगळ्यांना सांगितलं, की भांडणाची गोष्ट नव्हतीच, शब्द मला कळला नाही. लोक ताटांकडे बघत राहिले. तिथून तो हारुनचाचांकडे गेला.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आपण इतला वरीस शेजारी ऱ्हायनूत," ते म्हणाले. "येक डाव मले इचारानं व्हतं, बेटा."

तेवढ्यात तौहिद बाहेर आला. त्याने पारसला बघितलं, पावलं आवरली, आणि पोलिसांसमोर उभं राहावं तसा हात बांधून भिंतीशी उभा राहिला.