सहाव्या दिवशीचं कुंकू

रिसालदार अण्णाराव गेले त्या दिवशी नांदेडात त्यांच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत, असं लोक सांगतात. लोकांचं काय, माणूस मेला की त्याच्याबद्दल वाटेल ते सांगतात. खरं एवढंच, की माणूस लाखात एक होता आणि त्याच्या चितेला अग्नी द्यायला पोटचा पोरगा नव्हता. तो धाकट्या भावानं, माधवरावांनी दिला. इकडं बायांनी साखराबाईच्या बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं, गळ्यातलं काढून घेतलं. ती बिचारी रडलीसुद्धा नाही. तिचे डोळे दाराकडं. पोरगं येईल की काय, या धास्तीनं तिचा जीव अर्धा झाला होता. दुसरी बाई मुलगा यावा म्हणून देवाला हात जोडते, हिनं येऊ नये म्हणून जोडले होते.

पोरगा म्हणजे शेषेराव. निजामाच्या राज्याचं ते शेवटचंच वर्ष, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं? शेषेराव कॉलेज सोडून निजामाविरुद्ध लढणाऱ्यांत सामील झाला होता. त्याच्या नावाचं वॉरंट निघालं होतं आणि तो तिकडं रेणापूरच्या बाजूला कुणाकुणाच्या रानात लपून दिवस काढत होता.

आणि बाप कोण? तर निजामाच्या रिसाल्यातला रिसालदार! मिसरूड फुटायच्या आत भरती झालेला, पहिल्या जर्मन लढाईत पार पॅलेस्टाईनपर्यंत जाऊन मांडीत गोळी घेऊन आलेला. बाहेर त्यांची मिशी बघून सावकाराचीसुद्धा वाचा बसायची. घरात मात्र निव्वळ लोणी. धाकट्या इंदूची वेणी तेच घालायचे, घोड्याच्या आयाळीची घालावी तशी आवळून, की पोरीचे डोळे ताणून निघायचे. एकदा साखराबाईला मुदतीचा ताप आला, तेव्हा महिनाभर भाकरी त्यांनीच थापल्या. भाकरी कसल्या, मुलखाचे नकाशेच ते! पोरं हसून लोळायची, आणि रिसालदार गंभीर तोंडानं म्हणायचे, "हसा, पण खा." इंदूचं लग्न करून तिला अहमदपूरला पाठवली, तेव्हा मांडवात ताठ उभे राहिले आणि मग गोठ्यात जाऊन बैलाच्या गळ्यात पडून रडले. ते फक्त साखराबाईनं पाहिलं होतं.

अशा बापाचं आणि अशा पोराचं एके दिवशी वाजलं.

"ज्याचं मीठ खाल्लं, त्याच्यावर उलटणारा माझा पोरगा न्हाई," रिसालदार म्हणाले. "ह्या घरात पाय ठेवू नको."

"मीठ तुम्ही खाल्लं, आबा," शेषेराव म्हणाला. "मी आपल्या रानातली ज्वारी खाल्ली."

तो गेला तो गेलाच. त्याला दीड वर्ष झालं. एक हट्टी, दुसरा सवाई हट्टी. मधल्यामधी माय भरडली गेली.

चिता विझवून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी महेबूबखाँ आला. एके काळी रिसालदारांच्या हाताखालचा स्वार, आता पोलिसात जमादार. ओट्यावर बसून आधी लहान लेकरासारखा रडला, मग इकडंतिकडं बघत हळूच म्हणाला, "भाबीसाब, हुकूम आलाय. आसपासच्या जिल्ह्यांत ज्याचं डोकं आन मिशी ताजी उतरलेली दिसंल, त्याला धरायचं. बच्चे को बोलो, बाल नक्को उतारना. हितं तर आनाइच नक्को. हाती लागला तर जिता परत यायचा न्हाई."

बापाची खबर कानावर पडली, की पोरानं असेल तिथं अंघोळ करायची, डोकं आणि मिशी उतरवायची. रीतच ती. आणि बापाशी भांडलेला असला म्हणून काय, शेषा ही रीत मोडणारा नव्हता. उलट भांडला होता म्हणूनच मोडणार नव्हता.

तर खबर द्यायचीच नाही, असं तिनं ठरवलं. तोच चौथ्या दिवशी रेणापूरचा मलप्पा दारात उभा. शेषेराव त्याच्याच रानात होता. त्यानं निरोप आणला होता: 'आबा आजारी हायत असं कळलं. अमावास्येला येतो. एकदा पाय धरतो.' बिचाऱ्या मलप्पाला इथं आल्यावर कळलं, की ज्यांचे पाय धरायचे ते पायच राहिले नाहीत.

आता काय करावं? आड म्हणतो ये, विहीर म्हणते ये. बाप गेला म्हणून सांगावं तर पोरगा डोकं उतरवतो. न सांगावं तर आजारी बापाला बघायला येतो. एकच वाट होती. आबा खडखडीत बरे झाले, असं कुणीतरी जाऊन सांगायचं. आणि ते त्यानं कुणाच्या तोंडून खरं मानलं असतं? फक्त मायच्या. मायच्या कपाळावर कुंकू दिसलं तरच.

साखराबाईनं मलप्पाला थांबवून घेतलं. सहाव्या दिवशी सकाळी ती उठली, करंडा काढला आणि आरशापुढं बसली. तीस-पस्तीस वर्षं रोज लावलेलं कुंकू, पण त्या दिवशी बोट कपाळापर्यंत जाईना. जाऊबाई चंद्रप्रभा मागं येऊन उभ्या राहिल्या आणि किंचाळल्याच.

"अवो बाई, हे काय करून राहिल्या? राख थंड न्हाई झाली अजून भाऊजींची! सुतकात, आन कुंकू?"

"नवरा गेला," साखराबाई म्हणाली. "पोरगं बी घालवू का?"

जाऊबाईंनी आपल्याच हातातल्या चार बांगड्या काढून साखराबाईच्या हातात चढवल्या, आणि मग चुलीपाशी जाऊन तोंडात पदर कोंबून रडल्या.

अहमदपूरपर्यंत मोटार होती. मोटारीत शेजारी एक नवी नवरी आणि तिची आत्या. घामानं नवरीचं कुंकू ओघळलं, तशी आत्या साखराबाईकडं वळली. "तुम्ही थोरल्या सवाष्ण बाई, तुमच्या हातानं लावा पोरीला." साखराबाईला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. नाही म्हणावं तर संशय, लावावं तर त्या कोवळ्या पोरीचं वाईट होईल ही भीती. तिनं लावलं. लावताना मनात म्हणाली, देवा, पाप माझ्या पदरात टाक, हिच्या नको. पुढं मलप्पाच्या बैलगाडीत ती सारी वाट तेच तेच म्हणत राहिली.

मलप्पाच्या रानातल्या गोठ्यात शेषेराव आला. दाढी वाढलेली, गालाची हाडं वर आलेली. मायला बघून दारातच थबकला. त्याची नजर आधी कपाळावर गेली, गळ्यावर गेली, आणि त्यानं मोठा श्वास सोडला.

"आबा बरे हायत ना, माय?"

"लई बरे हायत. काल तर माधवरावांवर ओरडत होते. तू येऊ नको. उगं कशाला जीव धोक्यात घालतो? मी तेच सांगाय आले."

आवाज जरासुद्धा कापला नाही तिचा. शेषेराव हसला आणि पाया पडायला वाकला.

वाकला तो उठेना. त्याचे दोन्ही हात तिच्या पायांवर, आणि नजर बोटांवर. कुंकू लावलं होतं, मंगळसूत्र घातलं होतं, बांगड्या भरल्या होत्या. जोडवी घालायची ती विसरली होती. बोटांवर त्यांचे पांढरे वळ तेवढे होते.

"कधी?" त्यानं खाली बघूनच विचारलं.

"आज सहावा दिस," साखराबाई म्हणाली, आणि इतके दिवस अडवलेलं रडू तिथं, पोराच्या पाठीवर, फुटलं.

पुष्कळ वेळानं शेषेरावानं विचारलं, "माझं नाव काढत होते का?"

एक लबाडी उघडी पडली होती. दुसरी करायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. "न्हाई रे बाबा. एकदा बी न्हाई."

त्याचं तोंड एवढंसं झालं.

"पण सारं गाव रझाकारांच्या भ्यानं दिवे लागायच्या आत कड्या लावून बसतंय," ती म्हणाली. "आपल्या दाराला ह्या दीड वर्षात एक रात बी कडी लावू दिली न्हाई त्यांनी. मी लावाय गेले की खेकसायचे, 'ऱ्हाऊ दे, उघडंच ऱ्हाऊ दे.' आन दाराशी खाट टाकून निजायचे. कशासाठी ते त्यांनी सांगितलं न्हाई, म्या बी इचारलं न्हाई."

मग शेषेराव रडला. आवाज रानाबाहेर जाऊ नये म्हणून मनगट चावून रडला. तिनं त्याला रडू दिलं. त्याच्या डोक्यावरून, त्या वाढलेल्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"हे केस उतरवायचे न्हाईत," ती शेवटी म्हणाली. "मिशी बी न्हाई."

"मग आबांसाठी मी काय करू, माय?"

"जिता ऱ्हा."

ती उठली, पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला आणि गाडीकडं निघता निघता वळून म्हणाली, "आन अमावास्येला येशील बिशील, तर दार बंद दिसंल. आजपासनं मी कडी लावणार हाय."