चर्चकडची खिडकी

माझी बायको अकोसिता जाऊन अकरा महिने झाले. तिने बेकरीवर कधी पाटी लावू दिली नाही. "देवाने पाव चांगला होऊ दिला, लोक येतात. आपणच आपलं कौतुक कशाला करायचं?" म्हणायची.

आमच्या टोंगात रविवारी सगळी दुकानं बंद असतात. बेकरीला तेवढी संध्याकाळी पाव विकायची मुभा आहे. त्यामुळे दुपारची उपासना चालू असते तेव्हा माझी भट्टी पेटलेली असते, आणि बेकरीची एक खिडकी थेट चर्चच्या खिडकीसमोर आहे. पहिलं गीत सुरू झालं की अकोसिता ती खिडकी लावायची. माझे हात पिठात असायचे.

ती गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी खिडकी उघडीच राहिली. खरंच विसरलो होतो. त्या संध्याकाळी सगळे पाव अर्ध्या तासात संपले. मग मी दर रविवारी विसरायला लागलो.

एका सोमवारी चर्चचा कारभारी फिलिमोने आला.

"केलेपी, तुझ्या वासाबद्दल तक्रार आहे."

"आंघोळ करतो की मी."

"पावाच्या वासाबद्दल बोलतोय! काल पाळक योनाची गोष्ट सांगत होते. योना माशाच्या पोटात, आणि माझ्या पोटातून असा आवाज आला की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. त्यांना वाटलं, मासा मीच."

"तुझं पोट माझ्या भट्टीच्या आधीपासून गुरगुरतंय."

"थट्टा करू नकोस. ही जाहिरात आहे. शब्बाथाच्या दिवशी, देवाच्या घरात! बायकोने भिंतीवर पाटी लावू दिली नाही, तर तू थेट आमच्या नाकात लावलीस."

मी विसरत नव्हतो, हे मला ठाऊक होतं. अकोसिताने आयुष्यभर जे होऊ दिलं नाही, ते मी तिच्या माघारी करत होतो.

पुढच्या रविवारी पहिल्या गीतालाच मी खिडकी लावली. पाच वाजले, साडेपाच वाजले. चर्चमधून कुणी बाहेर येईना. पहिल्या खेपेचे पाव गार झाले, दुसरी खेप भट्टीत गेली. सहाच्या सुमाराला वैओला मावशी, चर्चला जाताना आम्ही कमरेला गुंडाळतो ती चटई सावरत, धापा टाकत आत आली. ती वयाने इतकी मोठी आहे की प्रवचनातून उठून गेली तरी तिला कुणी अडवत नाही.

"खिडकी उघड, मेल्या!"

"काय झालं, मावशी?"

"पाळक थांबेनात! आजही योनाच. तो निनवे शहराला जाऊन आला, वेल वाळला, किडासुद्धा मेला, गोष्ट संपली. आता ते परत माशापासून सुरुवात करतायत. नवीन माणूस, जवळ घड्याळ नाही. आल्यापासून तुझ्या पावाचा वास आला की आमेन म्हणतात."

"नाही उघडणार, मावशी. ती जाहिरात होते. अकोसिताला चाललं नसतं."

मावशी टोपलीपाशी बसली. एक पाव उचलून तिने विचार केला, म्हणजे तो खाल्ला.

"वास सोडून पाव विकलास तर जाहिरात. बरोबर?"

"बरोबर."

"मग ज्या पावाचा वास सोडशील तो फुकट वाट. ते जेवणाचं बोलावणं झालं. विकायचे पाव आधी खिडकी लावून भाज, अकोसिता करायची तसं. यात तुझा प्रभू रागावेल?"

मी खूप विचार केला. यात खोट सापडेना. खिडकी उघडली आणि भट्टीचं दारही उघडलं. दहा आकडे मोजायच्या आत पलीकडून आमेन आलं. सगळ्यात मोठा आवाज फिलिमोनेचा होता.

मावशीने दारातूनच फुकटच्या पावाची हाक दिली. बेकरीत पहिला तोच शिरला.

"हा फुकटचा ना?"

"हो."

"मग माझी तक्रार मागे," म्हणाला आणि दोन घेतले.

आता विक्री पहिल्यापेक्षा कमी होते. फिलिमोने फुकटचा खातो आणि विकतचा घेत नाही. पण पहिलं गीत सुरू झालं की मी खिडकी लावतो, शेवटच्या फुकटच्या खेपेलाच उघडतो. तिची कडी फार घट्ट आहे. हात धुवायचे, पुसायचे, तिथवर जायचं, खांदा लावून ढकलायचं, आणि मग परत पिठात. अकोसिताने हे सव्वीस वर्षं केलं. कडी घट्ट आहे हे ती मला एकदाही बोलली नाही.

कडीला तेल घालायला सांगितलं असतंस तर घातलं असतं गं.