हुशारीचा तोटा

गणिताच्या बाईंची नोकरी पक्की व्हायला एकच अट होती. पहिल्या परीक्षेपेक्षा शेवटच्या परीक्षेत वर्गाची सरासरी पंधरा गुणांनी वाढायला हवी. अट ऐकून बाई मनातून खूशच झाल्या. त्यांच्या वाट्याला आलेला वर्ग ढ म्हणून शाळाभर गाजलेला होता, त्यामुळे आता वर जाण्यावाचून त्याला गत्यंतरच नव्हतं! पहिल्या परीक्षेआधी बाईंनी साधी उजळणीही घेतली नाही. याची त्यांना लाज वाटत होती, पण पुन्हा नवी शाळा शोधायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

शिपाईमामांच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्यांनी वर्गाला अर्धीच बातमी दिली, "बाईंची नोकरी तुमच्या मार्कांवर आहे रे!" चुकलेल्या उत्तराला न हसणाऱ्या या बाई मुलांना फार आवडल्या होत्या. झालं! पोरांनी मधल्या सुट्टीतही पाढे घोकले, मोठ्या भावंडांना भंडावून सोडलं आणि पहिल्याच परीक्षेत सरासरी काढली एक्क्याण्णव. सगळे अभिनंदन करत होते आणि बाईंना मात्र दरदरून घाम फुटला होता.

वर्ष संपलं. सरासरी आली चौऱ्याण्णव.

"वाढ तीनच," मुख्याध्यापक म्हणाले.

"सर, पंधरा वाढायचे तर शंभरात एकशे सहा पाडावे लागतील."

"ते खरं. पण मुलं मुळातच हुशार होती, असं आकडे सांगतात. तुम्ही काय केलंत?"

बाईंना रडू आवरेना. तेवढ्यात दाराला कान लावून उभा असलेला अख्खा वर्ग दार ढकलून आत घुसला. पुढे होती चिमणी, वर्गातली सगळ्यात बुटकी.

"सर, आमचा पहिला पेपर परत घ्या. आम्ही सगळे नापास होऊन दाखवतो!"

"असं? मग व्हा बघू नापास. सतरा गुणिले आठ?"

"एकशे छत्तीस!" सगळे एका सुरात ओरडले.

"अरे, चुकायचं होतं ना!" चिमणीने कपाळावर हात मारला.

मुख्याध्यापक बघतच राहिले. गेल्या वर्षी या वर्गाला गणित शिकवताना त्यांनी स्वतः हात टेकले होते. सात गुणिले आठलासुद्धा तेव्हा कुणी तोंड उघडत नव्हतं.

"बाई, डोळे पुसा," ते हळूच म्हणाले, "नोकरी पक्की. वरून कुणी विचारलंच, तर मी कसा शिकवत होतो ते सांगेन."