आठशे बाय सहाशे

मी मॉनिटर. पंधरा इंची, पोटापेक्षा पाठ मोठी, आणि अजून चालू स्थितीत. हे शेवटचं आधीच सांगून टाकतो, कारण भंगाराच्या दुकानात ते कुणी विचारत नाही.

अकोल्याला प्रणालीच्या घरी माझी बारा वर्षं गेली. ती माझ्यावर कृषी विद्यापीठातल्या पोरापोरींचे प्रबंध टाईप करायची. माझा नेम एकच, आठशे बाय सहाशे. तेवढे ठिपके द्या, अक्षर स्वच्छ दाखवतो. त्यापुढे थोडं ओढून नेता येतं, मग दम लागतो. प्रणाली मला ओळखून होती. आरशाला लावतात तशा ती माझ्या कडेला टिकल्या लावून ठेवायची.

तिच्या लग्नात मी कॉम्प्युटरच्या डब्यासकट अमरावतीला आलो.

"जुनाच माल देल्ला तुह्या बापानं," सासरे खुशालराव पहिल्याच दिवशी म्हणाले.

प्रणालीनं माझी वायर लावली. मैत्रिणीचा, आचलचा प्रबंध त्या डब्यात होता, निम्मा टाईप झालेला. सासरीही आपलं काम चालू राहावं, एवढंच तिला हवं होतं.

एका रविवारी पाहुणे आले. लग्नाचा व्हिडिओ सगळ्यांना दिसावा म्हणून तिच्या नवऱ्यानं, गजेंद्रनं, डबा हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला जोडला आणि ठिपक्यांचा मोड टीव्हीच्या मापाचा केला. पाहुणे गेल्यावर वायर परत मला लावली, मोड तसाच ठेवून. मी काळा पडलो. काळ्यावर एक छोटी चौकट फिरवत राहिलो : सिग्नल पल्ल्याबाहेर आहे. चौकट इंग्रजीत होती, पण गजेंद्र इंजिनिअर आहे. त्यानं ती वाचली नाही. माझ्या डोक्यात थापड मारली.

सगळे जेवायला बसले तेव्हा प्रणालीनं डबा पुन्हा सुरू केला, एफ-एट दाबून साध्या मोडमध्ये उघडला आणि मला आठशे बाय सहाशेवर आणलं. तीन मिनिटं लागली.

"पाह्यलं? थापडीनंच आला ताळ्यावर," गजेंद्र हात पुसत म्हणाला.

तिनं एक चिठ्ठी लिहून माझ्या कडेला चिकटवली : टीव्हीवरून काढायच्या आधी मोड ८०० बाय ६०० करा.

श्रावणात लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला ती माहेरी गेली. इकडे पुन्हा पाहुणे, पुन्हा व्हिडिओ, पुन्हा मी काळा. या खेपेला थापड चालली नाही. गजेंद्रनं तिला फोन करून सांगितलं, तसा तिचा आवाज आला.

"अहो, मेला नाही तो. चिठ्ठी वाचा ना. नाहीतर एफ-एट दाबा."

"हो, पाहतो."

"काय म्हणते?" खुशालरावांनी विचारलं.

"काई नाई, बाबा. मशीन शिकवून राह्यली मले."

बापलेक हसले. बायकोनं सांगितलेली कळ बापासमोर दाबायची, तेवढी गजेंद्रची छाती नव्हती.

"मॉनिटरच गेला तं डबा काय चाटाचा?" म्हणत खुशालरावांनी गल्लीतल्या सहदेव भंगारवाल्याला हाक मारली.

माहेरून परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली.

"दादा, याच्यासोबतचा डबा?"

"तो तं तोडला, ताई."

"त्यातली डिस्क?"

सहदेवनं हातोडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "हा मॉनिटर घेऊन जा ना. चालू असंन."

"चालूच आहे," ती म्हणाली.

तिच्या हातातला फोन वाजला. आचलचा होता. तिनं तो वाजू दिला. मग माझ्या कडेची चिठ्ठी हलक्या हातानं सोडवली आणि घडी घालून पर्समध्ये टाकली. टिकल्या राहिल्या.

माझं मागणं मोठं नाही. घरात कुणी काळं पडलं तर थापड मारायच्या आधी जरा वाकून बघा, एखादी चौकट फिरत असेल. ती वाचायला तीन मिनिटंही लागत नाहीत.

ती चिठ्ठी तिनं गजेंद्रला दाखवायला नेली नसावी. घडी फार बारीक घातली होती.