हातानाकाचं गाणं

पाणकावळे, म्हणजे आमचा बेसबॉलचा संघ, सलग तीन वर्षं तळाला राहिले, तेव्हा संघाच्या मालकांनी 'पुनर्बांधणी' असा शब्द बाहेर काढला. कागामिउरा बंदरातल्या लोकांना त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. चौथ्या वर्षीही हरायचं, फक्त या खेपेला ठरवून हरायचं. बाकीच्यांनी तो शब्द चहाबरोबर गिळला. मिझोगुची कानेओच्या मात्र घशात अडकला.

मिझोगुचीची लाँड्री होती. कोटाची बटणं हरवणारा म्हणून गाव त्याला ओळखत असे, आणि गावाचं काही चुकत नव्हतं. पण मैदानात उजव्या बाजूच्या स्टँडमध्ये तो ट्रम्पेट वाजवत असे आणि तिथे त्याचा मान मोठा होता. आमच्याकडे प्रत्येक खेळाडूचं स्वतःचं गाणं असतं. तो बॅट घेऊन उतरला की ट्रम्पेट आणि ढोल सुरू होतात, आणि अख्खा स्टँड त्याच्या नावाने गातो. तिसऱ्या बेसवर उभा राहणाऱ्या हातानाकाचं गाणं मिझोगुचीने केलं होतं. बारा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी पँटला इस्त्री करताना ते त्याला सुचलं. गाणं झालं आणि पँट जळली. त्यानंतर त्याने पुष्कळ पँटींना इस्त्री केली, काही जाळल्यासुद्धा, पण दुसरं गाणं काही सुचलं नाही.

आता हातानाका अडतीस वर्षांचा झाला होता. तो पळायला लागला की लोक त्याच्यापेक्षा त्याच्या गुडघ्यांची काळजी करत. तो पहिल्या फळीतून गेला की प्रथेप्रमाणे त्याचं गाणं मोकळं होणार आणि त्याच्या जागी येणाऱ्या पोराला मिळणार. नाव बदलायचं, चाल तीच. ते पोरही तयारच होतं. कुबोतेरा नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा, नुकताच संघात घेतलेला. आपण उभ्या आयुष्यात एकच गोष्ट केली आणि तीही जुन्या सदऱ्यासारखी दुसऱ्याच्या अंगावर चढणार, या विचाराने मिझोगुची रात्रंदिवस जळत होता. त्याहून वाईट म्हणजे हे कुणाला सांगताही येत नव्हतं. म्हणून त्याने ठरवलं की आपण खेळाविषयी बोलायचं.

कुणाची गाणी ठेवायची आणि कुणाची मोकळी करायची, हे हंगामाआधी फुसाएबाईंच्या ओदेनच्या, म्हणजे रश्शात उकळलेल्या मुळ्याबिळ्याच्या, दुकानात ठरत असे. सभेत चौघंच. मिझोगुची, फुसाएबाई, ढोल वाजवणारा मासळीवाला ओनिझुका, आणि औषधांच्या दुकानातली आराकी मिहो. आराकी सगळ्यांत लहान, पण वाजवणाऱ्यांच्या गटाची प्रमुख तीच, कारण तिला आकडे पाठ असत आणि बाकीच्यांना फक्त भांडणं.

सभेआधीच्या आठवड्यात मिझोगुची धुतलेले एप्रन पोचवायला ओनिझुकाकडे गेला.

"ऐकलंस का?" तो हळूच म्हणाला. "तो कुबोतेरा मासे खात नाही म्हणे."

ओनिझुकाची सुरी थांबली. "खात नाही म्हणजे?"

"वासाने मळमळतं म्हणे."

"आणि नाव काय लावणार? पाणकावळा?"

"तेच तर म्हणतो मी," मिझोगुची म्हणाला आणि एप्रन ठेवून सटकला.

तिथून तो फुसाएबाईंकडे गेला. ओदेन म्हणजे दवाखान्यातलं जेवण, असं कुबोतेरा कुणाला तरी म्हणाला म्हणे, ही बातमी तिथे दिली. फुसाएबाईंनी पातेल्यातला मुळा पलटला आणि नुसतं "असं?" म्हटलं. आराकीकडे जाण्याचं धाडस मात्र त्याला झालं नाही. तिच्यापुढे त्याची डाळ शिजत नसे.

सभा रविवारी दुपारी भरली. फुसाएबाईंचा तिथे एक नियम होता. बोलायचं असेल तर झणझणीत मोहरी लावलेला मुळा खात खात बोलायचं. डोळ्यांतून पाणी आलं की भाषण बंद. या नियमाआधी म्हणे सभा तीन तीन दिवस चालत.

ओनिझुकाने पहिला घास घेतला. "यंदा आपणच जिंकणार!"

"दर वर्षी हेच सांगतोस," फुसाएबाई म्हणाल्या.

"एखाद्या वर्षी खरं होईलच की! पण मला एक सांगा, चांगले पिचर तर सगळे विकून टाकले. चेंडू टाकणार कोण?"

"मी टाकते. गेल्या वर्षीच्यांपेक्षा वाईट काय टाकणार?"

ओनिझुका हसला, मोहरी नाकात गेली आणि त्याचं भाषण तिथेच आटोपलं. यष्टिरक्षकासारखा बसतो तो कॅचर कोण असावा, यावर फुसाएबाई आणि आराकी यांची चांगलीच जुंपली. फुसाएबाईंना जुना हवा होता, कारण तो मैदानात आल्यावर वाकून नमस्कार करतो. आराकीचं म्हणणं, तो वाकतो ते पाठ दुखते म्हणून. शेवटी गाडी तिसऱ्या बेसवर आली आणि मिझोगुची ताठ बसला.

"गेल्या वर्षी हातानाकाने दहादा बॅट फिरवली तर दोनदा लागली," आराकी म्हणाली. मोहरी खाताना तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलत नसे. "उरलेल्या आठ वेळांचं काय, मिझोगुचीसान?"

"वारा फार होता."

"आपल्या मैदानाला छप्पर आहे."

"दारं उघडी असतात ना! आणि अनुभव? अनुभवाला काही किंमत आहे की नाही?"

"अनुभव तिसऱ्या बेसवर उभा राहतो आणि चेंडू त्याच्या बाजूने निघून जातो. गेल्या वर्षी एकोणीस वेळा."

"चेंडू जातोय हे कळायलाही अनुभव लागतो!"

ओनिझुकाने मान डोलावली. तो कुठल्याही मोठ्या आवाजाला मान डोलावत असे. मिझोगुचीने मुळ्याचा अख्खा तुकडा तोंडात कोंबला आणि उभा राहिला.

"बारा वर्षं! बारा वर्षं हा माणूस आपल्यासाठी पळाला. त्याचं गाणं काढून उद्याच्या पोराला द्यायचं? नाव खोडून नाव घालायचं? ही काय लाँड्रीची चिठ्ठी आहे? अहो, गाणं माणसाचं असतं, संघाचं नसतं! माणूस जाईल तिथे गाणं जाईल. माझं आयुष्यभराचं तत्त्व आहे हे!"

हे तत्त्व त्याला त्याच क्षणी सापडलं होतं. पण त्याच्या गालांवरून पाणी घळाघळा वाहत होतं, आणि नियमाप्रमाणे तो खाली बसला. मोहरीमुळे किती आणि कशामुळे किती, हे कुणी विचारलं नाही.

"मत घेऊ," आराकी म्हणाली. ओनिझुकाचा हात वर गेला. फुसाएबाईंनी हातातल्या झाऱ्यासकट हात वर केला. एकाविरुद्ध तीन. कुबोतेराला गाणं नाही. तो आला तर त्याच्यासाठी ज्यांना कुणी विचारत नाही अशांची सामाईक धून वाजायची.

"ठरलं तर," आराकी म्हणाली. "गाणं माणसाचं."

त्या रात्री मिझोगुची बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

मार्चच्या मध्यावर आराकी आपला पांढरा कोट घेऊन लाँड्रीत आली. कोट स्वच्छच होता. तेव्हाच मिझोगुचीला संशय यायला हवा होता.

"हातानाकाला देऊन टाकलं," ती म्हणाली. "आओसावाच्या संघाला, अस्वलांना. बदल्यात दोन पोरगे पिचर घेतले."

मिझोगुचीने कोट उलटा केला, सुलटा केला, आणि उगाच बटणं मोजायला लागला.

"आणखी एक. त्यांच्या गटप्रमुखांचा फोन आला होता. फार अदबीने बोलले. हातानाकासानचं गाणं आम्हाला वाजवायला मिळेल का, असं विचारत होते. तुमच्या परवानगीशिवाय नको, म्हणाले."

"अस्वलांना? माझं गाणं अस्वलांनी वाजवायचं? आपल्याविरुद्ध?"

"माणूस जाईल तिथे गाणं जाईल," आराकी म्हणाली. ती हसली नाही, हेच जास्त लागलं.

आपल्याच हाताने खणलेल्या खड्ड्यात पडायचं असेल तर खड्डा उथळ तरी खणावा. मिझोगुचीने तो चांगला पुरुषभर खणला होता. नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं, कुणी नावं ठेवली नसती. पण मग गाणं कुबोतेराला गेलं असतं, आणि चार माणसांसमोर रडून सांगितलेलं तत्त्व महिन्याभरातच गुंडाळून ठेवावं लागलं असतं. "द्या," तो म्हणाला. "वाजवू देत." आराकी गेल्यावर त्याने कोटाचं एक बटण खरोखरच तोडलं.

हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात अस्वलं कागामिउराला आली. स्टँड तुडुंब भरला होता, कारण हरायला अजून सुरुवात झाली नव्हती. दुसऱ्या डावात दोन अस्वलं आउट झाल्यावर हातानाका तपकिरी कपड्यांत बॅट घेऊन उतरला. समोरच्या स्टँडच्या कोपऱ्यात पाहुण्यांचा लहानसा गट होता. तिथून एक ट्रम्पेट सुरू झाला.

समोरचे खेळत असताना आपण वाजवायचं नाही, ही आमची रीत. मिझोगुची ट्रम्पेट मांडीवर घेऊन बसला होता. पाहुणे चाल जरा संथ वाजवत होते आणि एका ठिकाणी सूर घसरत होता. पण आमच्या लोकांना काय त्याचं! बारा वर्षांची सवय. अख्खा उजवा स्टँड हातानाकाच्या नावाने गायला लागला. दोन ओळींनंतर कुणाच्या तरी लक्षात आलं की हा तर शत्रू. लोक गाता गाता हसले, हसता हसता गायले, पण थांबलं कुणी नाही.

मिझोगुची तोंड उघडं टाकून ऐकत होता. इतकी वर्षं स्वतःचाच ट्रम्पेट कानात वाजत असल्यामुळे हे गाणं त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

"चांगलं आहे की हो!" तो मोठ्याने म्हणाला.

तेवढ्यात बॅटचा आवाज आला. हातानाकाने चेंडू तिसऱ्या बेसच्या डोक्यावरून मारला होता, निदान मारल्यासारखं वाटलं. तिथे उभा असलेला कुबोतेरा असा उडाला की त्याची टोपी जमिनीवर राहिली आणि चेंडू हातात आला. तिसरा गडी बाद, डाव संपला. स्टँड उठून उभा राहिला. लोकांना त्या पोरासाठी काहीतरी गायचं होतं आणि गायला काहीच नव्हतं. हजारो माणसं नुसत्या टाळ्या वाजवत राहिली. मिझोगुचीला प्रत्येक टाळी आपल्या थोबाडीत बसल्यासारखी वाटली.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. "मासे खात नाही वगैरे. मला काही ठाऊक नव्हतं."

"मला ठाऊक होतं," ओनिझुका ढोल सरळ करत म्हणाला. "जानेवारीतच आला होता माझ्याकडे. टोपलीभर बांगडे घेऊन गेला. वर मलाच सांगतो, काटे असे काढा."

"आणि माझ्याकडे मुळा तीनदा मागून घेतला," फुसाएबाई म्हणाल्या. "खालचा रस्सासुद्धा पिऊन गेला."

मिझोगुची दोघांकडे वळला. "मग हात कशाला वर केलेत?"

"तू लोकांची बटणं हरवतोस, पँटी जाळतोस," फुसाएबाई म्हणाल्या. "जन्मात एक गोष्ट धड केलीस. ती तुझ्याकडून काढून घ्यायला हात कसा उचलायचा, बाबा?"

मिझोगुचीला लाज वाटली. इतकी वाटली की मोहरी नसतानाही डोळे भरले. खाली आमच्या डावात पहिलाच फलंदाज म्हणून कुबोतेरा बॅट घेऊन निघाला होता. आराकीने सामाईक धून सुरू करायला हात उंचावला आणि मध्येच वळून मिझोगुचीकडे पाहिलं.

"मला दुसरं येत नाही गं," तो म्हणाला. "ते एकच होतं माझ्यात. बारा वर्षं शोधतोय, दुसरं नाहीच आहे."

"मग वाईट वाजवा," आराकी म्हणाली. "संघ तरी कुठे चांगला आहे?"

ओनिझुका ठो ठो हसला आणि हसण्याच्याच लयीत त्याने ढोलावर दोन थापा मारल्या. मिझोगुचीने ट्रम्पेट तोंडाला लावला. पहिले चार सूर फुटके निघाले. पुढच्या रांगेतला एकजण मागे वळून बघायला लागला. मिझोगुचीने तेच चार पुन्हा वाजवले, या वेळी पाचवा आपोआप आला, मग सहावा. ढोलाने त्याला धरून ठेवलं. फुसाएबाई "कुबोतेरा!" असं बेसूर ओरडल्या, आणि ते नाव नेमकं त्या सुरांवर बसलं. दुसऱ्यांदा आजूबाजूच्या पाचपन्नास जणांनी ते उचललं. तिसऱ्यांदा अख्खा स्टँड ओरडला. खाली कुबोतेराने मान वर करून पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणाला हाक मारताहेत.

आणि तेवढ्यात तिसरा चेंडूही त्याच्या बॅटखालून निघून गेला. तीन हुकले. आउट.

"अर्ध्या गाण्यात!" ओनिझुका ढोलावर कोसळला.

"अरे गाढवा!" मिझोगुची उभा राहून ओरडत होता. चेहरा लाल, गाल ओले, बोट थेट मैदानाकडे. "जरा दम तरी धरायचास! पुढे चांगलं होतं!"

पुढे काय होतं ते त्यालाही अजून ठाऊक नव्हतं. पण पुढे काहीतरी आहे, हे त्याला बारा वर्षांनी पहिल्यांदाच कळलं होतं. कुबोतेराने हेल्मेट काढून उजव्या स्टँडकडे बघत कमरेतून वाकून नमस्कार केला. फुसाएबाईंनी मिझोगुचीला बाही धरून खाली बसवायचा प्रयत्न केला. तो काही बसेना. पोरगा पुन्हा यायला अजून आठ फलंदाज होते, आणि उरलेलं अर्धं गाणं तेवढ्या वेळात व्हायला हवं होतं.