आखाजीच्या झोक्यावरचा कापडी झुमका

मी इंदिराबाईंच्या डाव्या कानातला झुमका बोलतोय. सोन्याचा नाही हं, कापडाचा! सोन्याच्या बाजारासाठी नावाजलेल्या जळगावात राहून हे सांगायला छाती लागते. कानाशीच लटकायचं, म्हणून चार घरच्या गोष्टी आपोआप कळतात. त्यात माझा काय दोष?

माझा जन्म जळगावच्याच पिंप्राळ्यातला, त्र्याण्णव सालचा. मुंबईहून फॅशनचं शिकून आलेल्या हर्षलाने मुख्तारभाई टेलरकडून कातरणं आणली, पोटात कापूस भरला, वरून लाल रेशीम गुंडाळलं, पितळी आकडी लावली. झालो की मी तयार! उजव्या कानातला माझा जुळा भाऊ. तो स्वभावाने गरीब.

हर्षलाला अशाच कापडी दागिन्यांचा धंदा काढायचा होता. तिचे वडील सुकदेवभाऊ तापले. "तीन वर्षं शिकवलं ते चिंध्या ओवायला? आखाजीपर्यंत दहा गिऱ्हाइकं आण. नाहीतर धुळ्याच्या शाळेत शिवणाच्या बाईची जागा आहे, मुकाट्याने तिकडे जा."

अक्षय्य तृतीया, म्हणजे आमची आखाजी, उजाडली तरी गिऱ्हाईक एकही नाही. शेजारच्या इंदिराबाईंनी आम्हाला नेलं खरं, पण "जरा घालून बघते" म्हणून. त्यांना गिऱ्हाईक कोण म्हणेल!

सणाला माहेरवाशिणी जमल्या. कडुनिंबाला झोका बांधला. आमच्या गल्लीची रीत अशी, की झोक्यावर चढण्याआधी बायकांनी अंगावरचं सोनं उतरवायचं, पडलं-हरवलं तर? त्या सोन्याचं गाठोडं मांडीवर धरून बसायचं काम दरवर्षी हर्षलाच्या आईचं, प्रमिलाबाईंचं. लग्न होऊन आल्यापासून त्या झोक्यावर बसल्याच नव्हत्या. कुणी विचारलंही नव्हतं.

इंदिराबाई मात्र आम्हाला घालूनच चढल्या. म्हाताऱ्या भिकुबाईंनी डोळे बारीक केले.

"तुना कानमा काय शे वं, इंदिरा?"

"मुंबईची फॅशन, अक्का!" बाईंचा तोरा असा, जणू झुमके स्वतःच्या हातांनी केलेत.

झोका उंच गेला आणि मला खोडी सुचली. आकडी सैल केली आणि पडलो तो थेट प्रमिलाबाईंच्या पदरात!

"अगं बाई, पडलं!" सवयीने साऱ्याजणी किंचाळल्या. मग काय पडलं ते बघून हसत सुटल्या.

प्रमिलाबाईंनी मला तळहातावर तोललं. वजन नाही की हरवायची धास्ती नाही. त्यांनी मांडीवरच्या गाठोड्याकडे पाहिलं आणि उठल्या.

"हर्षले, एक जोड मला दे."

ओट्यावर पेपर वाचणाऱ्या सुकदेवभाऊंच्या मांडीवर त्यांनी गाठोडं ठेवलं. "धरा. हलायचं नाही."

"अगं, पण मी..."

"इतकी वर्षं मी हलले का?"

आणि प्रमिलाबाई चढल्या झोक्यावर! इकडे हर्षलाभोवती गराडा पडला. "मला हिरवा." "माझ्या नणंदेला पण एक जोड." सुकदेवभाऊ जागेवर खिळलेले; नुसते ओठांनी मोजत होते. दहाच्या पुढे आकडा गेला तेव्हा खाकरून म्हणाले, "अगं पोरी, मुख्तारभाईला निरोप धाड. एवढ्यांना कातरणं पुरणार कुठून?"

धुळ्याचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

आता माझा रंग विटलाय. इंदिराबाई मला दळण आणायला जाताना तेवढं घालतात. चालायचंच. तुम्हाला एकच विनवणी. मला हातात घेतलंत तर 'किती ग्रॅमचा' असं विचारू नका. त्या दिवशी प्रमिलाबाईंचा झोका किती उंच गेला, ते विचारा. चांगलं रंगवून सांगेन!